बुखाऱ्याचं बोलावणं

सिएटलजवळच्या बॉथेलच्या मेन स्ट्रीटवर एक ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत सरला चौबळ लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं आणि ती गुडघ्यांवर बसून, तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक काढून पायाशी दुमड पक्की करायची. जाताना लोक 'थँक यू, शर्ली' म्हणायचे. सरला म्हणायला जड जातं म्हणून मालकिणीनं सुरुवातीलाच ते नाव ठेवलं होतं आणि हिनंही कधी दुरुस्त केलं नव्हतं.

लग्नाआधी ती परळच्या एका गिरणीत डिझाइन खात्यात होती. साडीचे काठ, चादरींच्या वेली, पडद्यांवरच्या बुट्ट्या ग्राफपेपरवर काढायची. खात्यात एकटीच बाई. तिनं काढलेली कोयऱ्यांची एक वेल गिरणीनं इतकी वर्षं चालवली की लग्नानंतर माहेरी गेली तरी तिला ती लोकांच्या खिडक्यांत दिसायची. मग पुरुषोत्तमचं स्थळ आलं. मुलगा अमेरिकेत, विमानाच्या कंपनीत इंजिनियर. घरच्यांना विचार करण्यासारखं काही उरलंच नाही.

सिएटलला आल्यावर तिनं आपली चित्रं दोन-तीन ठिकाणी दाखवून पाहिली. फार सुंदर आहेत, पण फार इंडियन आहेत, असं सांगून लोकांनी ती हसतमुखानं परत दिली. नंतर रुपाली झाली. ती शाळेत जायला लागली आणि सरलाला पँटींचं काम मिळालं.

पुरुषोत्तम वाईट आहे असं कुणी म्हटलं नसतं. व्यसन नाही, आरडाओरडा नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात बोलायला उभा राहिला की लोक खुर्च्या पुढे ओढून बसायचे. घरात मात्र कुठलीही गोष्ट तो आधी ठरवून टाकायचा आणि मग सांगायचा. कधीकधी सांगायचं राहूनही जायचं.

त्र्याऐंशी साली लायब्ररीत एक छोटं प्रदर्शन लागलं. सिएटल आणि ताश्कंद ही भगिनी-शहरं, त्यामुळे तिकडच्या वस्तू अधूनमधून इकडे यायच्या. भिंतीवर एक मोठी सुझनी, म्हणजे तिकडची भरतकामाची चादर, टांगली होती. डाळिंबी रंगाची वर्तुळं, त्यांच्याभोवती काळसर पानं, सगळं रेशमानं भरलेलं. मधोमध जोड होता आणि जोडावरचं वर्तुळ किंचित चुकलेलं होतं, अर्धं वर, अर्धं बोटभर खाली. सरला जेवणाच्या सुट्टीत तिथे गेली आणि उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी प्रदर्शनापाशी बसणाऱ्या डॉरिस नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं न बोलता तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

डॉरिसनंच तिला भगिनी-शहरांच्या गटात ओढलं. सरला सभांना जायला लागली. पाहुण्यांसाठी समोसे तळायची, प्रदर्शनाची कापडं इस्त्री करायची, उसवलेलं दुरुस्त करायची. सुझनीचं कापड अरुंद पट्ट्यांचं असतं, त्यावर एक जाणती बाई नक्षी काढून देते, मग पट्ट्या सुट्या करून घराघरांत भरायला देतात आणि शेवटी पुन्हा जोडतात, हे तिनं तिथेच वाचलं. जोडावरचं वर्तुळ का चुकलं होतं ते तिला तेव्हा कळलं. पंच्याऐंशीच्या सप्टेंबरात गटाचं उझबेकिस्तानला जायचं ठरलं, तेव्हा तिनं पहिल्यांदाच कुणाला न विचारता हात वर केला.

"चादरी बघायला रशियात?" पुरुषोत्तम म्हणाला. बरेच दिवस तो हे चारचौघांत सांगून हसत होता. पण पैसे भरायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "तू एकटी कशी जाशील? मी पण येतो." आणि नवा कॅमेरा घेऊन आला.

दादरहून आईचा फोन आला. "ताश्कंद म्हणजे शास्त्रीजी गेले तेच ना गं? जपून राहा. तिथलं दूध पिऊ नकोस."

ताश्कंदच्या बाजारात सरलाला पहिल्याच सकाळी गंमत वाटायला लागली. भाकरीएवढे गोल नान, मधोमध टोचून उमटवलेली फुलं. कांद्याला म्हणत होते पियोझ, जिऱ्याला झिरा, डोक्यावरच्या फडक्याला रुमोल. एका न्हाव्याच्या हातात कात्री होती, तिचं नाव विचारलं तर म्हणाला, कायची. ती प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणून बघायची आणि विक्रेते खूश होऊन तिच्या हातात द्राक्षं ठेवायचे. संध्याकाळी हॉटेलात मूग घातलेला मऊ भात आला. वाढणाऱ्या बाईनं नाव सांगितलं, मोशकिचिरी.

"अहो, खिचडी आहे ही," सरला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून खिचडीच," पुरुषोत्तमनं सगळ्या टेबलाला इंग्रजीत सांगितलं. टेबल हसलं.

तो फोटो छान काढायचा, यात शंका नाही. पहाटे उठून निळे घुमट टिपायचा. चाकावर भांडं घडवणारा कुंभार, तंदुरात वाकलेला नानवाला, सगळं. तेवढं 'सरला, जरा बाजूला हो' हे वाक्य दिवसातून कितीदा तरी यायचं.

बुखाऱ्याला गटाला जरदोजीचा कारखाना दाखवायला नेलं. लांबलचक हॉलमध्ये बायका रांगेनं बसून मखमलीवर जरीचं काम करत होत्या. नादिरा नावाची तिथली गाइड ताश्कंदला शाळेत हिंदी शिकलेली होती, त्यामुळे ती इंग्रजी सोडून सरलाशी हिंदीतच बोलायची. सरला एका चौकटीपाशी थांबली. तिथे तिच्याच वयाची, सोन्याचा दात असलेली बाई बसली होती. नाव विचारलं तर म्हणाली, मुहब्बत. सरलाला हसू आलं, मुहब्बतलाही. हिंदी सिनेमे तिकडेही लागायचे, त्यांत त्या शब्दाचं काय होतं ते तिलाही ठाऊक होतं.

मुहब्बतनं तिच्या हातात सुई दिली. सरलानं कापडाच्या तुकड्यावर साखळी टाका घालून दाखवला, आईनं शिकवलेला. मुहब्बतनं तो उलटा करून पाठ पाहिली, मान डोलावली आणि शेजारणींना दाखवला. मग नादिराला काहीतरी भरभर सांगितलं.

"ती म्हणते, हे कारखान्याचं काम आहे, खरं काम घरी आहे," नादिरानं सांगितलं. "परवा तिच्या घरी बायका जमणार आहेत. मुलीचं लग्न आहे. सुझनीच्या पट्ट्या जोडायच्या आहेत, पुलाव असतो. तुम्ही यावं असं ती म्हणते. हिंदुस्थानातली बाई आली तर मुलीचं भलं होईल."

"पण आम्ही उद्या समरकंदला निघणार," सरला म्हणाली.

नादिरा जरा विचार करून म्हणाली, "मी विचारून बघते. तुम्ही एक दिवस मागे राहायचं, परवा रात्री मी गाडीत बसवून देईन. परवानगी लागेल. पण भारतीय म्हटल्यावर कदाचित देतील."

"आणि माझे मिस्टर?"

"तिथे फक्त बायका असतात."

त्या रात्री पुरुषोत्तमला सगळं सांगून झाल्यावर सरलाला नीट झोप आली नाही. नेसायला एकच बरी साडी उरली होती. ती तिनं बॅगेतून काढून खुर्चीवर पसरून ठेवली. सकाळी पुरुषोत्तम खाली नाश्त्याला जाऊन आला आणि म्हणाला, "नाही म्हणतायत. परवानगी नाकारली. सोव्हिएट युनियन आहे बाई, इथं असंच चालायचं. बॅग भर, बस लागलीय."

तिनं साडीची घडी घालून ती परत बॅगेत ठेवली. बसच्या पायरीशी नादिरा निरोप द्यायला उभी होती. "अब तबियत कैसी है?" तिनं विचारलं. आदल्या दिवशीच्या चरबीच्या पुलावानं गटातल्या निम्म्या लोकांची पोटं बिघडली होती. सरलाला वाटलं, ती सगळ्यांनाच विचारते आहे. "ठीक है," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

परत आल्यावर पुरुषोत्तमला नवा उद्योग मिळाला. त्यानं प्रोजेक्टर घेतला. आधी गटासमोर, मग लायब्ररीत, मग चर्चमधल्या म्हाताऱ्या मंडळींसमोर, त्यानं उझबेकिस्तानचा स्लाइड शो दाखवला. तो बोलायचा छान. पियोझ आणि झिरा आणि कायची हे शब्द तो असे सांगायचा की लोक थक्क व्हायचे. खिचडीची गोष्ट सांगताना डोळे भरून आल्याचंही सांगायचा, आणि तेव्हा डोळे त्याचे असायचे. सुझनीच्या पट्ट्या का जुळत नाहीत हे सरलानं त्याला विमानात समजावलं होतं. तेही तो सांगायचा, तिच्याच क्रमानं. कार्यक्रम संपल्यावर लोक सरलाला म्हणायचे, "यू आर सो लकी." ती कॉफीचे कप गोळा करायची.

सत्त्याऐंशीच्या संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम होता. चर्चचं तळघर, फोल्डिंगच्या खुर्च्या, साठ-सत्तर माणसं. इंग्रजीतला कार्यक्रम मराठीत करायची संधी पुरुषोत्तमला प्रथमच मिळाली होती, त्यामुळे तो रंगात होता. सरला मागच्या टेबलापाशी द्रोणांत तिळगूळ भरत होती. पडद्यावर सोन्याच्या दाताची मुहब्बत आली.

"आता ही बाई बघा," पुरुषोत्तम म्हणाला. "नाव काय, तर मुहब्बत. हिनं आमच्या सरलाला ठेवून घ्यायचा घाट घातला होता. एका दिवसासाठी, घरी, बायकांच्या भरतकामाला. आणि परवानगीसुद्धा काढली होती यार. गाइड सकाळी लॉबीत आली, म्हणाली, ऑल अप्रूव्ह्ड. मी म्हटलं, झालं. बायको बुखाऱ्यात, मग समरकंदला माझे मोजे कोण शोधून देणार? सांगून टाकलं, शी इज सिक, कॅन्सल करा."

तळघर हसलं. पुढच्या रांगेतले हेमचंद्रकाका मांडीवर थाप मारून हसले. पुढची स्लाइड आली, समरकंदचा घुमट.

सरलाच्या हातात द्रोण होता. नादिरानं तब्येत का विचारली होती ते तिला आता, तिळगुळाच्या टेबलापाशी, कळलं. शेजारी उभी असलेली सीमा म्हणाली, "सरलाताई, पुरुषोत्तमकाका म्हणजे ना." सरलानं द्रोण खाली ठेवला, पुढचा घेतला आणि तोही भरला. सगळे भरून होईपर्यंत ती थांबली नाही.

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "परवानगी मिळाली होती?"

"कधीची गोष्ट काढतेस?"

"तुम्ही मला नाकारली म्हणून सांगितलंत."

"अगं, एका दिवसाचा प्रश्न होता. अनोळखी देश. काही झालं असतं म्हणजे?" वायपर चालू होते. त्यानं काचेवरची वाफ हातानं पुसली. मग म्हणाला, "त्यांनी मला बोलावलं नव्हतं."

हे तो इतक्या साध्या आवाजात म्हणाला की सरलाला क्षणभर त्याची कीवच आली, आणि ती आल्याचा तिला पुढे कित्येक महिने राग येत राहिला.

त्या आठवड्यात तिनं आपलं अंथरूण रुपालीच्या खोलीत हलवलं. रुपाली कॉलेजसाठी ओरेगनला होती. फोनवर सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "देन लीव्ह हिम, मॉम."

"एका दिवसासाठी?"

"इट वॉजंट वन डे," रुपाली म्हणाली.

सरलानं घर सोडलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी, पँटी आखूड करण्याच्या पगारावर, ती कुठे जाणार होती? तिनं स्लाइड शोला जाणं तेवढं बंद केलं. त्याचं काही अडलं नाही. 'मिसेस नाही आल्या?' असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, तिला बरं नाहीये.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात उझबेकिस्तानहून कारागिरांचं पथक सिएटलला आलं. डॉरिसचा फोन आला. "त्यात बुखाऱ्याच्या बायका आहेत. तुझ्या त्या कारखान्यातल्या." सरलानं दुकानातून सुट्टी घेतली. पुरुषोत्तमला वेगळं आमंत्रण होतं, गटाचा फोटोग्राफर म्हणून. दोघं एकाच गाडीतून गेले.

हॉलमध्ये टेबलं मांडली होती. कुंभार, लाकडावर कोरणारा एक म्हातारा, टोप्या शिवणाऱ्या दोघी. मुहब्बत नव्हती. जरदोजीच्या टेबलामागे रानो नावाची तिशीतली बाई बसली होती. शेजारी दुभाष्या म्हणून विद्यापीठातला एक अमेरिकन प्राध्यापक होता. सरलानं त्याच्याकरवी मुहब्बतची चौकशी केली.

रानोनं हातातली सुई खाली ठेवली आणि सरलाकडे नीट निरखून पाहिलं. मग बोलायला लागली. प्राध्यापक मध्येमध्ये तिला थांबवून इंग्रजीत सांगत होता.

"ती विचारते, साडीवाली बाई तुम्हीच का? ती म्हणते, आम्ही सगळ्या तिथे होतो. मुहब्बत-ओपानं, म्हणजे मुहब्बतताईनं, त्याच रात्री घराला चुना लावायला घेतला होता. परवानगीसाठी ती त्याच दुपारी स्वतः तीन कचेऱ्यांत जाऊन बसली. कारखान्याचा प्रमुख नको म्हणत होता, परदेशी माणूस घरात कशाला. तिनं स्वतःच्या जबाबदारीवर सही दिली. तुम्ही आजारी आहात असा निरोप आला. मग तिला कुणीतरी सांगितलं की बाई तर चालत बसमध्ये चढली, हसत होती."

रानो बोलतच होती.

"ती म्हणते, एक फूल तुमच्यासाठी ठेवलं होतं. संध्याकाळी ते मुलीच्या सासूनं भरलं. सासू म्हणाली, हिंदुस्थानी बाईला तुझं घर बघायची लाज वाटली असेल. ते मुहब्बत-ओपाला फार लागलं. नंतर पाहुणे यायचे तेव्हा प्रमुख तिला मागच्या खोलीत बसवायचा, पुठ्ठ्याचे आकार कापायला. गेल्या वर्षी तिनं काम सोडलं. मुलीकडे असते."

"मला माहीत नव्हतं," सरला म्हणाली. "मला परवानगी नाकारली म्हणून सांगितलं होतं. तिला एवढं सांगाल?"

रानोनं ऐकलं आणि काहीतरी विचारलं. प्राध्यापक जरा घुटमळला. "ती विचारते, कुणी सांगितलं म्हणून सांगू?"

पुरुषोत्तम तेवढ्यात कॅमेरा घेऊन टेबलापाशी आला होता. "फोटो घेऊ या," तो म्हणाला.

"माझ्या नवऱ्यानं," सरला इंग्रजीत म्हणाली. "तो खोटं बोलला. तसंच सांगा."

प्राध्यापकाला ते उझबेकीत सांगावं लागलं. रानोनं एकदा पुरुषोत्तमकडे पाहिलं आणि सुई पुन्हा उचलली. डॉरिस जवळच उभी होती, तिनं ऐकलं. मंडळाच्या दोन-तीन बायका होत्या, त्यांनीही ऐकलं. लेन्सला टोपण लावून पुरुषोत्तम कुंभाराच्या टेबलाकडे गेला.

आठवड्याभरात ही गोष्ट सगळीकडे झाली आणि लोकांचं म्हणणं पडलं की सरलानं असं करायला नको होतं. सीमा घरी येऊन गेली. "परक्या लोकांसमोर कशाला, सरलाताई? चहा पिताना आपल्यात बोललो असतो. आणि इतकं काय हो त्यात, एक दिवस तर." हेमचंद्रकाका पुरुषोत्तमला म्हणाले, बायकांचं या वयात होतं असं. डॉरिसनं सरलाला जवळ घेतलं, आय अ‍ॅम सो सॉरी म्हणाली. पण शरद ऋतूतल्या कार्यक्रमासाठी तिनं पुन्हा पुरुषोत्तमलाच बोलावलं. "दुसऱ्या कुणाकडे स्लाइड्स नाहीत ना," ती सरलाला म्हणाली. ते खरंच होतं. सरलानं गटाला जाणं सोडलं.

घरात दोघं नम्रपणे वागायला लागले. तो आपली पोळी आपण गरम करून घ्यायचा. ती त्याचे कपडे धुवायची, पण घडी न घालता टोपलीत ठेवायची. एकदा त्यानं दाराशी उभं राहून म्हटलं, "आपण पुन्हा जाऊ बुखाऱ्याला. तू आणि मी. तिला भेटू." सरला म्हणाली, "तुम्ही जा." तो गेला.

डिसेंबरात डॉरिसचा फोन आला. प्राध्यापक ताश्कंदला जाऊन आला होता. रानोनं निरोप पोचवला होता आणि मुहब्बतचं उत्तर आलं होतं. ते त्यानं डॉरिसला सांगितलं होतं, आणि कसं सांगावं या काळजीनं डॉरिसनं चार दिवस घालवले होते.

"ती म्हणाली, तुझ्यावर राग नाही," डॉरिस म्हणाली. "मुलगी सुखात आहे, नातू झालाय."

"आणखी?"

"आणखी तिनं विचारलंय." डॉरिस थांबली. "नवऱ्यानं सांगितलं ते ठीक. पण गाइड तुझी भाषा बोलत होती. तू तिला का नाही विचारलंस?"

सरला फोन धरून उभी होती.

"सरला? आहेस ना?"

"आहे."

"तिला काही कळवायचं का? तो मार्चमध्ये पुन्हा जाणार आहे."

सरलानं विचार केला. तिला पुष्कळ सांगता आलं असतं. गिरणीतली नोकरी सोडताना साहेबांशी वडील बोलले होते, ती खाली रस्त्यावर उभी होती. इथल्या लोकांनी चित्रं परत दिली तेव्हा का, असं तिनं विचारलं नव्हतं. कुणी नाही म्हटलं की ते खरं धरायचं, एवढंच तिला येत होतं, आणि ते तिला इतकं चांगलं येत होतं की पुरुषोत्तमला फारसं खोटं बोलावंही लागलं नव्हतं. हे उझबेकीत कसं सांगतात कोण जाणे. ते तिला मराठीतही कधी कुणाला सांगता आलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "कळवण्यासारखं काही नाही."

तिनं फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत पुरुषोत्तम प्रोजेक्टरचा पडदा लावून बघत होता. शनिवारी त्याचा टकोमाला कार्यक्रम होता.